पुढच्या गाडीचा आडोसा

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हवेच्या दाबाचे प्रयोग दाखवत होतो. प्रयोग संपले, चहा आला, तेव्हा एका सरांनी विचारले, "आमची पोरं सायकलवर शाळेत येतात. रस्त्यात कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर भेटला की त्याच्या मागं लागतात. म्हणतात, सर, ट्रॅक्टर आपल्याला ओढतो. खरंच ओढतो का हो?" आम्ही सांगितले, ओढत नाही, तो फक्त समोरची हवा अडवतो. सरांचे समाधान झाले नाही. "मग ओढल्यासारखं का वाटतं?"

प्रश्न चांगला होता आणि आमचे उत्तर घाईचे होते. मोटारींच्या शर्यतीत ही गोष्ट ठळकपणे पुढे आली ती १९६० साली, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात. ती ज्याच्या नावावर जमा आहे त्या माणसाने विज्ञानाचे पुस्तक फारसे हातात धरलेले नव्हते. ती हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे. मात्र ती जशी सांगितली जाते तशीच्या तशी सांगू नये, असे आमचे मत आहे. का, ते पुढे येईल.

अमेरिकेत 'स्टॉक कार' नावाच्या शर्यती असतात. स्टॉक म्हणजे दुकानातला साठा. खास शर्यतीसाठी बांधलेली बुटकी, उघड्या चाकांची गाडी न वापरता कोणालाही विकत मिळेल अशी घरगुती गाडी घ्यायची, तिचे इंजिन आणि सांगाडा कसून तयार करायचा आणि शर्यतीत उतरायचे, ही मूळ कल्पना. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स याने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच या गावी एक बैठक बोलावली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी 'नॅस्कार' ही संस्था उभी राहिली. बैठक ज्या हॉटेलात झाली त्याचे नाव 'स्ट्रीमलाइन', म्हणजे प्रवाहरेषा! पण त्या काळात या शर्यतवाल्यांना हवेच्या प्रवाहाची फारशी फिकीर नव्हती. नसण्याला कारणही होते. बहुतेक शर्यती अर्ध्या-एक मैलाच्या मातीच्या गोल वाटांवर होत. खुद्द डेटोनाची शर्यत १९५८ पर्यंत अर्धी समुद्रकाठच्या वाळूवरून आणि अर्धी शेजारच्या डांबरी रस्त्यावरून धावत असे. गाडी घसरू न देता वळवणे, चिखलातून काढणे, इंजिन शेवटपर्यंत टिकवणे यातच सारे कसब होते.

फेब्रुवारी १९५९ मध्ये चित्र बदलले. फ्रान्सने डेटोनाला अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची, नवी डांबरी वाट बांधून घेतली. तिची वळणे ३१ अंशांच्या कोनात बाहेरच्या बाजूने उचललेली होती. अकरावीच्या वर्गात आपण वळणाच्या कलाचे सूत्र शिकवतो: वेगाचा वर्ग म्हणजे त्रिज्या, गुरुत्वत्वरण आणि कोनाचा टॅन यांचा गुणाकार. या वळणांची त्रिज्या सुमारे १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. ३१ अंशांचा टॅन ०.६. गुणाकार करून वर्गमूळ काढले की सेकंदाला ४२ मीटर, ताशी साधारण १५० किलोमीटर येतात. म्हणजे टायर आणि रस्ता यांत बाजूचे घर्षण अजिबात नसले तरी या वेगाने गाडी वळते. घर्षणाची मदत घेतली तर याहून पुष्कळ अधिक. म्हणून डेटोनाला वळणाआधी वेग मारण्याची गरज जवळजवळ उरली नाही. पूर्ण फेरीभर पाय प्रवेगकावर दाबून धरायचा. मग गाडीचा वेग ठरवणार कोण? एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला हवा. वळण, माती, चिखल हे मधले सगळे पंच बाजूला झाले होते.

ज्युनिअर जॉन्सनचा जन्म १९३१ चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्क्स काउंटी या डोंगराळ भागातला. घरचा धंदा हातभट्टीच्या दारूचा. भरलेले कॅन गाडीत घालून रात्री दिवे मालवून डोंगरवाटांनी पळवायचे आणि पोलिसांच्या हाती लागायचे नाही, ही त्याची शाळा. रस्त्यावर तो कधी पकडला गेला नाही, असे सांगतात. १९५६ मध्ये पकडला गेला तो वडिलांच्या भट्टीपाशी, पायी. त्यापायी त्याने अकरा महिने तुरुंगवास भोगला. (१९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.) सुटल्यावर तो पुन्हा शर्यतीत उतरला.

१९६० च्या शर्यतीसाठी त्याच्याकडे चांगली गाडी नव्हती. कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान चालवणाऱ्या जॉन मॅसोनी याने पैसे घातले आणि रे फॉक्स या नामांकित मेकॅनिकने जेमतेम आठवडाभराच्या मुदतीत १९५९ च्या बनावटीची एक शेव्हरोले इम्पाला तयार करून दिली. गाडी नीट होती, पण त्या वर्षी मैदान पाँटिअ‍ॅक गाड्यांचे होते. त्या ताशी १५० मैलांच्या, म्हणजे २४० किलोमीटरच्या आसपास पळत. जॉन्सनची गाडी त्यांच्यापेक्षा ताशी किमान दहा मैलांनी मागे पडे.

जॉन्सनने पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी. सराव चालू असताना कॉटन ओवेन्सची पाँटिअ‍ॅक त्याच्या शेजारून पुढे गेली. जॉन्सनने आपली गाडी तिच्या अगदी शेपटीशी नेली आणि पाहतो तो काय, ती मागे पडेना! फेरीमागून फेरी तो ओवेन्सच्या मागे टिकून राहिला. आपल्या इंजिनाला एकाएकी काय झाले, हे त्याला कळेना. मग तो एकटाच पळून आला, तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी संथ. दुसऱ्या एका पाँटिअ‍ॅकच्या मागे लागला, तर पुन्हा वेगवान.

ही दुसरी खेप आम्हाला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. 'आज गाडी चांगली पळाली' म्हणून खूश होऊन घरी जाणारे पुष्कळ असतात. जॉन्सनने तेच इंजिन, तीच वाट, तोच चालक ठेवून फक्त एक गोष्ट बदलली, ती म्हणजे पुढची गाडी. नियंत्रित प्रयोगाची व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

आता थोडे गणित फळ्यावर करू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो मात करायला लागणारी शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग, म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्या काळच्या मोठ्या अमेरिकन गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर धरू, रोधगुणांक ०.५ आणि हवेची घनता १.२. हे अंदाजी आकडे आहेत, पण फार चुकीचे नाहीत. ताशी १४० मैल, म्हणजे सेकंदाला ६२.५ मीटर वेगाला रोध येतो सुमारे २६०० न्यूटन आणि शक्ती सुमारे १६० किलोवॅट, म्हणजे २१५ अश्वशक्ती. ताशी १५० मैलांना तीच शक्ती होते २६५ अश्वशक्ती. वेग फक्त सात टक्क्यांनी वाढला, शक्ती मात्र तेवीस टक्क्यांनी वाढवावी लागली! दहा मैलांनी मागे असलेल्या जॉन्सनला इंजिनातून आणखी ५० अश्वशक्ती काढायच्या होत्या. आठवड्याभरात त्या कुठून आणणार? पण हाच हिशेब उलटा मांडा. २६५ मधून ५० वजा करायचे म्हणजे हवेचा रोध एकपंचमांशाने कमी करायचा. दुसऱ्या गाडीच्या शेपटीशी लागून पळाले तर एवढी बचत सहज होते. इंजिनाने जे देता आले नाही ते पुढच्या गाडीच्या आडोशाने दिले.

मग मातीच्या वाटांवर इतकी वर्षे हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? तिथे वेग असे ताशी ६० मैलांच्या घरात. घनाच्या नियमाने त्या वेगाला हवेसाठी लागते फक्त १७ अश्वशक्ती. तिच्यातला पाचवा भाग वाचला तर बचत तीन-साडेतीन अश्वशक्तींची. तीनशेच्या वर अश्वशक्तीचे इंजिन, पायाखाली निसटणारी माती, समोर धुळीचा लोट, अशात साडेतीन अश्वशक्ती कोणाला जाणवणार? परिणाम तिथेही होताच, पण तो इतर गोष्टींखाली गाडला गेला होता. वाट मोठी झाली, वेग सव्वादोन-अडीच पट झाला आणि तो परिणाम दहा-पंधरा पटींनी फुगून वर आला. आणि तो प्रथम कोणाला दिसला? ज्याची गाडी कमी पडत होती त्याला. पाँटिअ‍ॅकवाल्यांना कोणाच्या मागे राहण्याची गरजच नव्हती. पुढे पळणाऱ्याला आपल्या मागे काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही.

आता शिबिरातल्या सरांच्या प्रश्नाकडे येऊ. ओढल्यासारखे का वाटते? पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते की धावत्या गाडीमागे 'पोकळी' तयार होते आणि ती मागच्याला खेचून घेते. पोकळी हा शब्द इथे फार मोठा आहे. ताशी २२५ किलोमीटर वेगाच्या गाडीमागेही हवेचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी असतो. पण अर्धा टक्का म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ५०० न्यूटन, आणि गाडीच्या पाठीचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या वर. म्हणजे पुढून दाबणारी हवा आणि मागून दाबणारी हवा यांच्यात केवळ या कारणाने शंभर किलो वजनाइतका फरक पडतो. हवा कोणाला ओढत नाही, ती फक्त ढकलते. समोरून कमी ढकलले गेले की आपल्याला पुढे ओढल्याचा भास होतो.

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. पेटलेली मेणबत्ती टेबलावर ठेवा. तिच्या पुढे चारेक सेंटिमीटरवर एक पोस्टकार्ड उभे धरा आणि पुढच्या बाजूने कार्डाच्या मध्यावर जोराने फुंका. मुलांना आधी विचारा, ज्योत कोणत्या बाजूला झुकेल? बहुतेक मुले सांगतात, हलणारच नाही, किंवा फुंकरीच्या दिशेने मागे झुकेल. ज्योत झुकते ती कार्डाकडे, म्हणजे फुंकणाऱ्याच्या दिशेने! कार्डाच्या कडांवरून निसटलेली हवा मागे भोवरे करते आणि कार्डामागची हवा उलट, कार्डाकडे वाहते. आता कार्डाच्या जागी पाण्याची गोल बाटली ठेवून फुंका. ज्योत मागे झुकते, कित्येकदा विझतेच, कारण गोल पृष्ठभागाला चिकटून आलेली हवा मागे पुन्हा एकत्र येते. १९६० ची अमेरिकन मोटार पाठीमागून पाहिली तर बाटलीपेक्षा पोस्टकार्डाच्या जवळची होती. कडब्याचा ट्रॅक्टर तर पोस्टकार्डच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकू, कारण ती सहसा सुटते. आडोशाचा फायदा पुढच्या गाडीलाही होतो. मागची गाडी जवळ आली की पुढच्या गाडीमागे भोवऱ्यांना मोकळी जागा उरत नाही, तिथला दाब थोडा वाढतो आणि तिचाही रोध कमी होतो. एकामागे एक चिकटून धावणाऱ्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात. कॉटन ओवेन्सलाही त्या सरावात थोडी मदत मिळत असणार, फक्त त्याला ते कळण्याचे कारण नव्हते.

शर्यतीचा दिवस होता १४ फेब्रुवारी १९६०. ६८ गाड्या, २०० फेऱ्या, ५०० मैल. जॉन्सन एका पाँटिअ‍ॅकच्या मागून दुसऱ्या पाँटिअ‍ॅकच्या मागे असा धावत राहिला. वेगवान गाड्या एकेक करून बिघडत गेल्या. फायरबॉल रॉबर्ट्सची, जी सगळ्यात भारी मानली जात होती, ती तर लवकरच बाहेर पडली. अपघात इतके झाले की बराच काळ सर्वांना हळू चालवावे लागले. त्या शर्यतीचा सरासरी वेग ताशी १२४.७४ मैल निघाला. आदल्या वर्षीच्या पहिल्या शर्यतीत तो १३५.५२ होता. (सरासरी वेग आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक शिकवताना हे आकडे उपयोगी पडतील.) अखेरच्या दहाएक फेऱ्या उरल्या तेव्हा पुढे होता बॉबी जॉन्स, पाँटिअ‍ॅकमध्ये. आणि अचानक त्याच्या गाडीची मागची काच निखळून उडाली. गाडी गरकन फिरली. जॉन्स तिला सावरून पुन्हा वाटेवर आणेपर्यंत जॉन्सन पुढे निघून गेला होता. तो २३ सेकंदांनी जिंकला, जॉन्स दुसरा आला.

काच का उडाली? छपरावरून आलेली हवा मागच्या काचेच्या उतारावर पोचते तेव्हा तिथला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा कमी असतो. गाडीच्या आतली हवा मात्र तेवढी विरळ नसते. हा फरक वातावरणाच्या दाबाच्या एक टक्का जरी धरला तरी काचेच्या दर चौरस मीटरला आतून शंभर किलो वजनाइतका रेटा बसतो, आणि तो तासन् तास. घरगुती गाडीच्या रबरी पट्टीत बसवलेली काच त्यासाठी केलेली नव्हती. ज्या दाबाच्या फरकाने जॉन्सनला दिवसभर साथ दिली त्यानेच शेवटी जॉन्सला दगा दिला. पुढे स्टॉक गाड्यांच्या मागच्या काचेवर धातूच्या पट्ट्या आवळण्याची पद्धत आली.

आता आमच्या आक्षेपाकडे. 'जॉन्सनने ड्राफ्टिंगचा शोध लावला' असे सर्रास लिहिले जाते. ड्राफ्टिंग म्हणजेच हा आडोसा. तो सायकलवाल्यांना साठ वर्षे आधीपासून माहीत होता. ३० जून १८९९ रोजी चार्ल्स मर्फी नावाच्या सायकलपटूने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड येथे रुळांच्या मधे फळ्या टाकून घेतल्या आणि आगगाडीच्या मागे, डब्याला बांधलेल्या आडोशाआड सायकल हाणत एक मैल ५७.८ सेकंदांत पार केला. ताशी शंभर किलोमीटर, १८९९ मध्ये, पायांनी! युरोपातल्या मोटारशर्यतींतही १९५० च्या दशकात मोंझा, रँस अशा वेगवान वाटांवर चालक एकमेकांच्या मागे लपत असत. मुंबई-पुणे सायकल शर्यत ज्यांनी पाहिली आहे त्यांना आघाडीचा सायकलस्वार काही वेळाने बाजूला होऊन मागे जातो आणि दुसरा पुढे येतो हे ठाऊक असेल. वारा कापण्याची पाळी वाटून घ्यायची असते.

तेव्हा निसर्गातली नवी घटना जॉन्सनने शोधली, असे म्हणता येत नाही. बहुधा त्याने मर्फीचे नावही ऐकले नसेल. त्याने केले ते असे: दीड-दोन टनांच्या गाड्यांच्या नव्या वाटेवर हा परिणाम इंजिनाच्या बरोबरीचा आहे हे ओळखले, ते पुन्हा तपासले आणि ५०० मैल त्यावर विसंबून राहिला. आमच्या मते एवढे श्रेय पुरेसे मोठे आहे. शिवाय पाँटिअ‍ॅकवाले बिघडले नसते आणि जॉन्सची काच टिकली असती, तर हीच युक्ती करून जॉन्सन कदाचित दुसरा आला असता आणि आज आपण हे वाचत नसतो. शोधांच्या इतिहासात अशा काचा बऱ्याच असतात.

नंतरच्या गोष्टी थोडक्यात. युक्ती लपून राहिली नाही. मागे राहून शक्ती राखायची आणि शेवटच्या क्षणी बाजूला होऊन गोफणीतल्या दगडासारखे पुढे निघायचे, हा डाव सगळेच शिकले. मग कारखान्यांचे लक्ष एकट्या गाडीच्या आकाराकडे गेले. १९६८ ची डॉज चार्जर दिसायला देखणी होती, पण तिची मागची काच खोलगट बसवलेली असल्याने तिथे हवा घोटाळत राही. पुढच्या वर्षी ती काच छपराच्या उताराशी सपाट करून घेतली. त्यापाठोपाठ टोकदार नाक आणि मागे उंच पंख असलेली चार्जर डेटोना आली आणि मार्च १९७० मध्ये बडी बेकरने तिच्यातून टॅलाडेगाच्या वाटेवर ताशी २०० मैलांची सीमा ओलांडली. जॉन्सनने स्वतः गाडी चालवणे तोवर सोडले होते. पुढे त्याने स्वतःचा संघ चालवून सहा अजिंक्यपदे मिळवली. २०१९ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी तो वारला.

वेग हाताबाहेर जाऊ लागले तेव्हा १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा येथे इंजिनात जाणारी हवा भोके पाडलेल्या चकतीने रोखण्यात आली. त्यामुळे सगळ्यांची शक्ती जवळजवळ सारखी झाली आणि आडोशाचे महत्त्व पुन्हा वाढले. २०११ च्या डेटोना शर्यतीत तर गाड्या जोडीजोडीने धावल्या, मागचीचे नाक पुढचीच्या शेपटीला टेकलेले. दोघींचा वेग एकटीपेक्षा कितीतरी जास्त. अडचण एकच. मागच्या गाडीच्या रेडिएटरला वारा मिळत नसे, इंजिन तापून जाई, म्हणून चालकांना मधूनमधून जागा बदलाव्या लागत.

त्या सरांना आम्ही नंतर पत्राने कळवले की पोरांना मेणबत्तीचा प्रयोग दाखवा, पण ट्रॅक्टरमागे सायकल घालू देऊ नका. मागून चालणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही आणि ट्रॅक्टरला मागचे दिवे असतीलच असे नाही.